लगीन बाकी हाय

आमच्या घिवलीत एक रीत हाय. बोट सुटायच्या आधी घरातलं भांडण मिटवून टाकायचं. नवऱ्याला रागात पाण्यावर पाठवायचं नाय. ही रीत कुणी काढली मला माहीत नाय, पण ज्याने काढली त्याला माझ्यासारखी बायको नसणार. मी उठल्यापासून भांडते. माझ्या पोरीचा, भाविकाचा बापूस, बोटीचा तांडेल दामू, डबा हातात घेऊन दाराशी उभा राहतो नि माझं संपायची वाट बघतो. संपलं की बोलतो, येतो. कधी जातो बोलला नाय. मग मी गप बसते नि तो किनाऱ्याकडे जातो. लग्न झाल्यापासून हेच चाललंय.

पण सांगायचं ते आमचं नाय. सांगायचंय ते दीपिकाचं.

आमचं बोंबलाचं खळं समुद्राला लागून. एका अंगाला अणुवीज केंद्राची उंच चिमणी दिसते, दुसऱ्या अंगाला नुसतं पाणी. बोंबील सुकवायचं काम लांबून सोपं वाटतं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, जोडी दोरीवर टाकायची, परत दुसरी जोडी घ्यायची. बांबूच्या मांडवावर अशा दोऱ्याच दोऱ्या. दुपारी वारा सुटला की सगळ्या जोड्या हलायला लागतात, ऊन पांढरं होतं, डोळ्यांवर झापड येते. नि त्या झापडीत आमची भाविका इंग्रजी वाचत असते.

पोरगी पालघरच्या कॉलेजातून पास झाली, आता बँकेच्या परीक्षेसाठी बोईसरला क्लासला जाते. सरांनी सांगितलंय, शब्द पाठ करत बसू नका, रोज जगाच्या बातम्या ऐका, शब्द आपोआप अंगवळणी पडतील. म्हणून ही बाय मोबाइल बांबूला बांधते, बातम्या लावते नि एकेक शब्द धरून त्याचा अर्थ आमाला ऐकवते. टॅरिफ मला पहिल्या दिवशीच कळला. तिकडे अमेरिकेने कर वाढवायचं काढलं नि इकडे आमच्या कोळंबीचा भाव पडला. म्हटलं, हा शब्द शिकायला क्लास कशाला पाहिजे, टोपली घेऊन बाजारात बस. सँक्शन म्हणजे वाळीत टाकणं, भाविका बोलली. तेही आमाला काही नवं नव्हतं.

नवरात्राच्या सुमाराला दीपिका कामाला आली. डोंगराकडची, विक्रमगडच्या पलीकडच्या पाड्यावरची. बारीक चणीची, बोलायला कंजूष. बोंबलाचे दात बारीक पण लागतात बरे. पहिल्या दिवशी तिने सगळी बोटं सोलून घेतली, पण हूं की चूं केलं नाय. मला असली गप्प माणसं बघून राग येतो. दुखतंय तर दुखतंय म्हणावं ना.

हळूहळू कळलं, तिचा कमलेश पाकिस्तानच्या तुरुंगात हाय. डोंगराकडची पोरं पावसाळा संपला की गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. धड पोहता येत नाय, तरी जातात. कमलेश आदल्या वर्षी गेला. समुद्रातली हद्दीची रेघ त्यांच्या बोटीने ओलांडली म्हणे, नि तिकडच्या गस्तीच्या बोटीने सगळ्यांना धरून नेलं. आता पाण्यावर रेघ कुणाला दिसते? आमच्या तांडेलाचा जन्म गेला समुद्रात, त्यालाही मशीन बघून कळते. त्या दिवसापासून कमलेशचा ना फोन ना चिठ्ठी.

एके दुपारी दीपिका भाविकाजवळ गेली नि हळूच विचारलं, "ताई, तो सुटेल तेव्हा बातमीत कोणता शब्द येल?"

भाविका गडबडली. परीक्षेत असलं कुणी विचारत नाय. तिने मोबाइलमध्ये शोधलं नि बोलली, रिपॅट्रिएट. म्हणजे मायदेशी परत पाठवणं. दीपिकाने तो शब्द तोडून तोडून घेतला. एक जोडी दोरीवर, री. दुसरी जोडी, पॅट. तिसरी, मग चौथी. लांबून ऐकलं तर थंडीत डिझेलचं इंजिन सुरू करतायत असं वाटलं असतं. दिवसभर चाललं ते. पण संध्याकाळपर्यंत इंजिन लागलं, शब्द तिच्या तोंडात बसला.

मग काय विचारता. कानामागून आली नि तिखट झाली. भाविका जे शब्द दुसऱ्या दिवशी विसरायची ते ही बोंबील उलटताना सांगायची. सगळे मात्र घेत नव्हती. बँकेचे, निवडणुकांचे, दूरच्या देशांचे शब्द वाऱ्यावर सोडून द्यायची. कमलेश ज्या वाटेने येणार त्या वाटेवरचे तेवढे ठेवायची. डिटेन म्हणजे अडकवून ठेवणं हे तिला कळलं होतं, पण तो शब्द तिने कधी तोंडातून काढला नाय. असला शब्द मी बोलले तर त्याला आणखी जोर येतो, असं तिचं म्हणणं. मी हसले नाय. आमच्याकडेही पाण्यावर जाणाऱ्याला कुठे चाललास म्हणून विचारत नायत.

दुपारी जेवण झालं की ताडपत्रीच्या सावलीत आमी बायका जरा आडव्या होतो. दीपिकाला त्या झोपेत रोज एकच स्वप्न पडायचं. समुद्र शेणाने सारवलेल्या भिंतीसारखा गप्प पडलेला. त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. त्यांच्याकडे लगनात बायका भिंतीवर चौक काढतात, तसल्या पिठाची. पलीकडे कमलेश उभा. ती रेघ पुसायला जाते, तर रेघ पुसत नाय, हिचं बोटच पांढरं होतं. मग मोबाइलमधले शब्द रेघेवरून एकेक चालत येतात, शाळेतून पोरं येतात तसे, दमलेले, पाय धुळीने भरलेले. ती प्रत्येकाला विचारते, कमलेश मागे हाय का? तो बोलतो, हाय, येतोय. नि पुढे निघून जातो.

मी बोलले, दुपारची चवळी अंगावर आली की असंच दिसतं. पण दुसऱ्या दिवशी तिला जाग आली तेव्हा मीच विचारलं, आज कोण कोण आले चालत? तिने सांगितलं नि मी ऐकत बसले. ओल्या बोंबलांची पाटी तशीच राहिली. ऊन डोळ्यांवर होतं, वारा होता, नि मला खरंच वाटलं की त्या पाण्यावरून कुणीतरी येतंय.

होळीच्या आधीची गोष्ट. बातमी आली की काही मच्छीमार लवकरच सुटतील असं दिसतंय. भाविकाने पुढचं वाचलं. काहीजणांची नॅशनॅलिटी अजून व्हेरिफाय झालेली नाय, ते मागे राहतील. दीपिकाचा हात थांबला. व्हेरिफाय म्हणजे काय, तिने विचारलं. भाविका बोलली, हा आमचाच माणूस, असं त्याच्या घरच्यांनी इकडे सांगायचं, मग सरकार तिकडे कळवतं.

"मंग कमलेशला आपला कोण बोलला?" दीपिकाने विचारलं.

कोण बोलणार? त्याला आईबाप नायत. एक चुलता, जिवल्या, तो थंडीतच वीटभट्टीवर गेलेला. दीपिका इथे माझ्या बोंबलांत. चौकशीला कुणी पाड्यावर गेलं असेल तर त्याला दाराची कडी दिसली असेल, दुसरं काय? म्हणजे एवढे दिवस आमी समजत होतो की कुलूप तिकडच्या तुरुंगाला हाय, नि एक कडी इकडेच लागलेली. दुसऱ्या दिवशी खळं भाविकावर टाकलं, दीपिकाला घेतलं नि पालघर गाठलं.

दोन-तीन ठिकाणी फिरवल्यावर एका ऑफिसात बरोबर टेबल सापडलं. टेबलामागचे साहेब वाईट नव्हते. बसा बोलले, पाणी मागवलं, कमलेशचं नाव, गाव, बोट सगळं नीट विचारलं. मग बोलले, तुम्ही त्यांच्या कोण?

दीपिका सरळ बोलली, "लगीन बाकी हाय."

आता हे समजून घ्या. डोंगराकडे पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत पडली, घरच्यांनी हो म्हटलं, की एका चुलीवर राहायला लागतात. लगीन होतं तेव्हा होतं. कुणाकुणाचं तर पोरांच्या लगनाच्या मांडवातच होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाय. अख्खा पाडा दीपिकाला कमलेशची बायकोच बोलतो. पण लगीन झालं का असं विचारलं तर ती नाय म्हणणार, कारण नायच झालेलं.

मी तिला कोपर मारलं. कानात बोलले, सांग झालं म्हणून, कोण बघायला येतंय? तिने ऐकलं, नि परत तेच बोलली, बाकी हाय. साहेबांनी पेन खाली ठेवलं. बोलले, मग ताई, रक्ताच्या नात्यातलं कुणी घेऊन या.

बाहेर येऊन मी तिला अशी झाडली की रिक्षावालेही बघायला लागले. इतकी वर्षं मासळी विकते, ताजी-ताजी म्हणून शिळी खपवली नाय असं कुणी सांगावं. एक शब्द खोटा बोलायला हिचं काय जात होतं? माणूस तिकडे सडतोय नि ही इकडे हरिश्चंद्राची नात. ती ऐकत राहिली. माझा दम संपल्यावर बोलली, "काकी, तो लगनासाठीच बोटीवर गेला. जाताना बोलला, सीझन संपला की येतो, मंग लगीन करू. ते बाकी हाय म्हणून तो येल. झालं बोलले तर त्याला यायला काय राहिलं?"

मी गाडीवरून केळी घेतली, एक तिला दिलं, एक मी खाल्लं.

जिवल्याला शोधायचं काम मी घेतलं. वाडा, भिवंडी, वसई, भट्ट्या काय एक हायत? पण सुकी मासळी घेऊन आमच्या बायका सगळ्या आठवडी बाजारांत जातात, नि भट्टीवरची माणसं बाजाराला सुका बोंबील घ्यायला येतातच. मी प्रत्येकीच्या टोपलीबरोबर निरोप दिला. जिवल्या नावाचा माणूस, पुतण्या पाकिस्तानात, असेल तिथून घिवलीला ये. आमच्यातल्या मंजुळाला तो वाड्याकडच्या एका बाजारात सापडला. बोंबलाचा भाव करत होता. तिने भाव सोडला नि त्याला धरून आणलं.

त्याने ऑफिसात जाऊन सांगितलं, हा माझा पुतण्या, माझ्या भावाचा पोरगा, माझ्या हातावर वाढलेला. बोलताना रडला बिचारा. पण तोपर्यंत शिमगा उलटून गेला होता. त्या बातमीतले मच्छीमार सुटून घरी पोचले होते. त्यांत कमलेश नव्हता.

नि वैशाखात दोन्ही देशांची जुंपली. मोबाइलमधून रोज नवा शब्द. रिटॅलिएट, एस्कलेशन, एअरस्पेस. भाविकाची परीक्षेची चंगळ झाली म्हणा. इकडे अणुवीज केंद्राच्या बाजूला सरावाचा भोंगा वाजला तेव्हा आमी हातातली कामं टाकून घरात जाऊन बसलो. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. दीपिका घरात आली नाय. ती खळ्यातच उभी होती, पाण्याकडे तोंड करून. मी बाहेर जाऊन तिला ओढलं नि बोलून गेले, खोटं बोलली असतीस तर आज तो घरी असता, तुझ्या खरेपणाने अडकलाय तो. माझ्या तोंडात तीळ भिजत नाय.

मग एका संध्याकाळी सीझफायर आला. पोरांनी फटाके वाजवले. दीपिकाने भाविकाला विचारलं, सीझफायर म्हणजे भांडण मिटलं का? भाविका बोलली, नाय, मिटणं वेगळं. हे नुसतं थांबलंय.

"थांबलं तरी चालेल," दीपिका बोलली, नि दोरीवरच्या सुक्या जोड्या सोडवायला लागली.

पाऊस लागायच्या आधी खळं बंद झालं. ती डोंगरात गेली, आपल्या जमिनीच्या तुकड्यात नागली लावायला. मला वाटलं, आता कसली परत येते. एवढं तोडून बोलल्यावर मी तरी आले नसते. पण नवरात्र आलं नि सकाळी बघते तर मांडवाखाली उभी. काही विचारलं नाय, काही काढलं नाय. पाटी ओढली नि जबडे अडकवायला लागली. मी तिच्यासाठी चहा ठेवला. साखर जास्त टाकली, नि तिला ते कळलं असणार.

ते महिने कसे गेले सांगता येत नाय. दुपारी वारा, पांढरं ऊन, हलणाऱ्या जोड्या. भाविका कुठल्या कुठल्या देशांची नावं घ्यायची, कुणी कुणाशी बोलणी मोडली, कुणी परत जोडली. आमी अर्धवट झोपेत ऐकायचो. सगळं जग त्या दोरीवर सुकत घातलंय असं वाटायचं. दीपिकाच्या स्वप्नात आता शब्द कमी चालत येत होते. रेघ मात्र तशीच होती.

संक्रांत झाली नि एका दुपारी बातमी लागली. गुडविल जेश्चर. भाविका अर्थ सांगायला तोंड उघडते तोवर पुढचा शब्द आला, तो इंजिनाचा. दीपिकाला तो सगळ्यांच्या आधी कळला. ती ओरडली नाय, नाचली नाय. हातातली जोडी दोरीवर टाकली नि खाली वाळूत बसली. मी बोलले, बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, आधी नाव तर कळू दे. ती मान हलवत राहिली.

चार दिवसांनी सीमेवरचा व्हिडिओ आला. बारीक झालेली माणसं, सगळ्यांच्या हातात सारख्या नव्या पिशव्या, एकामागून एक फाटकातून येतायत. दीपिका मोबाइलच्या एवढी जवळ गेली की आमाला काही दिसेना. मग तिने काचेवर बोट ठेवलं. बोटाला बोंबलाचं खवट पाणी लागलेलं, त्याच्याखाली एक उंच पोरगा, गालाची हाडं वर आलेला.

कुणीतरी त्याच्यापुढे माइक धरला नि हिंदीत विचारलं, घरी कोण कोण हाय, बायको-मुलं? घरी जाऊन पहिलं काय करणार?

त्याने माइककडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे.

"लगीन बाकी हाय," तो बोलला.

माइकवाल्याला कळलं नाय. तो पुढच्या माणसाकडे गेला. दीपिका रडत होती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रडत होती, नि मी तिचं डोकं पोटाशी धरून तिच्यापेक्षा मोठ्याने रडत होते. भाविकाने मोबाइल बंद केला नि तीही आमच्यात येऊन बसली.

कमलेश आला. आधी पाड्यावर जाऊन आला, मग दोघं मला भेटायला घिवलीला. पोराने माझ्या घरात एवढा भात खाल्ला की मला दुसऱ्यांदा लावावा लागला. समुद्राकडे पाठ करून बसला होता. आता तो बोईसरला एका कारखान्यात जातो, दोघांनी तिथे जवळच सालवडला खोली घेतलीय. दीपिका अजून माझ्या खळ्यावर येते. स्वप्न पडतं का विचारलं तर बोलली, आता नुसती झोप लागते.

मग मी मागे लागले. म्हटलं, आता लगीन उरका. मांडवाचे बांबू माझ्याकडून, सुकं माझ्याकडून, वाजवायला आमच्या गावची पोरं आणते. दीपिका नुसती हसायची. एक दिवस मी तिला कोपऱ्यात धरलंच. बोलले, आला ना तो? मग आता घोडं कुठे अडलंय?

"राहू दे काकी थोडं बाकी," ती बोलली. "एकदा आला. पण रोज संध्याकाळी पण यायला पाहिजे ना."

मला असा राग आला म्हणून सांगू. बोलले, वेडी हायस, असलं कुठे असतं का? पुढचंही तोंडावर आलेलं, पण ती जबडे अडकवत होती नि तिची बोटं आता अजिबात सोलत नव्हती. मी गप घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाविकाच्या बापसाची बोट सुटायची होती. मी नेहमीसारखी सुरू झाले. खिडकीची कडी तुटून महिना झाला, किती वेळा सांगायचं, घरात माझं ऐकतंय कोण, सगळं. तो डबा धरून दाराशी उभा. नि मधेच मी थांबले.

त्याने वाट बघितली. मग विचारलं, "संपलं?"

"नाय," मी बोलले. "अर्धं बाकी हाय. ते आल्यावर."

तो माझ्याकडे बघतच राहिला. आमच्या घिवलीत असं कुणी करत नाय. मग बोलला, येतो, नि गेला. दिवसभर मी खळ्यावर पाण्याकडे बघत होते. दीपिकाने बघितलं नि माझ्या पुढ्यातली पाटी आपल्याकडे ओढली.

संध्याकाळच्या भरतीला बोट लागली. तो घरी आला, डबा खाली ठेवला, पाय धुतले नि माझ्यासमोर पाटावर बसला.

"हां," तो बोलला, "बोल आता."